व्होल्गाकांठचें त्वेर

मॉस्को शहरांतील एका प्रमुख राजमार्गाचें नांव त्वेर्स्काया असें आहे. क्रेमलिनच्या तटापासून निघून वायव्येकडे जाणारा हा मार्ग म्हणजे मूळची त्वेर या गांवाची वाट. ज्या गांवाला जावयाचें त्याचें नांव वाटेला पडावें, हा रिवाज सर्वत्र सारखाच. परंतु या नांवांत एक जुनें वैर दडलेलें आहे, हें त्या रस्त्यावरून जाणाऱ्या हजारों माणसांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानीं येत असेल. चौदाव्या शतकाच्या आरंभीं रशियाचें पुढारपण मॉस्कोकडे जाणार कीं त्वेरकडे, हा प्रश्न खरोखरीच अनिश्चित होता. त्या काळच्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारलें असतें, तर त्यानें बहुधा त्वेरचेंच नांव घेतलें असतें. आज मॉस्को कोठें आणि त्वेर कोठें! एकीकडे कोटीहून अधिक वस्तीचें महानगर, आणि दुसरीकडे चार लाखांहून थोड्या अधिक वस्तीचें एका प्रांताचें मुख्य ठिकाण. इतिहासांत जे जिंकतात त्यांच्या इमारती उभ्या राहतात. जे हरतात त्यांचें काय उरतें, हें पाहण्यास त्वेरसारखें दुसरें शहर सांपडणें कठीण. आणि जें उरलें त्यांत एक वही अशी आहे कीं तिचीं कांहीं पानें चौल, जुन्नर आणि दाभोळ या गांवांविषयीं आहेत.

मॉस्कोपासून सुमारें पावणेदोनशे किलोमीटरांवर व्होल्गा नदीच्या दोन्ही तीरांवर त्वेर वसलेलें आहे. व्होल्गेचा उगम याच प्रांतांत होतो. तेव्हां येथील व्होल्गा अजून लहान वयाची आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. गांवापाशीं तिला उत्तरेकडून त्वेर्त्सा आणि दक्षिणेकडून चिमुकली त्माका अशा दोन नद्या मिळतात. यांपैकीं त्वेर्त्सेचें महत्त्व मोठें होतें. तिच्या ओघाविरुद्ध वर गेलें म्हणजे एका ठिकाणीं नावा पाण्याबाहेर काढून जमिनीवरून ओढीत नेत, आणि पलीकडच्या पाण्यांत सोडल्या कीं त्या नोव्हगोरोदच्या पेठेकडे व पुढें बाल्टिक समुद्राकडे लागत. त्या जागेच्या गांवाला आजहि विश्नी व्होलोच्योक म्हणतात. व्होलोक म्हणजे नावा ओढून नेण्याची वाट. उलट व्होल्गेच्या ओघाबरोबर खालीं गेलें कीं तातारांचा मुलूख, मग कॅस्पियन समुद्र आणि त्यापलीकडे इराण. उत्तरेकडची केसाळ कातडीं आणि मेण यांना दक्षिणेंत गिऱ्हाईक, आणि दक्षिणेच्या रेशमाला उत्तरेंत. या उलाढालीचें नाकें त्वेरच्या राजांच्या हातीं होतें.

शहराच्या स्थापनेचें वर्ष म्हणून ११३५ हें साल धरण्याचा प्रघात आहे. १२३८ मध्यें चेंगीझखानाचा नातू बातू याच्या फौजा ईशान्य रशिया जाळीत निघाल्या, त्यांत त्वेरहि सांपडलें. परंतु पूर्वेकडील जुनीं नगरें पुन्हां पुन्हां लुटलीं जात असतां तेथून उठलेलीं माणसें पश्चिमेकडे सरकलीं, आणि त्यांतलीं पुष्कळ त्वेरच्या आश्रयाला आलीं. तेराव्या शतकाच्या मध्यास अलेक्झांडर नेव्हस्कीचा धाकटा भाऊ यारोस्लाव हा येथें गादीवर बसला, आणि तेथून त्वेरचें स्वतंत्र घराणें सुरू झालें. १२८५ मध्यें येथें तारणहाराच्या रूपांतराचें मंदिर बांधावयास घेतलें व १२९० मध्यें तें पुरें झालें. मंगोल स्वारीनंतर ईशान्य रशियांत दगडानें बांधलेलें पहिलें मंदिर तें हेंच. सगळा देश लांकडाच्या घरांतून, राखेच्या ढिगाऱ्यांतून दिवस काढीत असतां एका गांवानें दगडाचें काम आरंभावें, याचा अर्थ त्या काळच्या लोकांना सांगावा लागला नसेल.

त्या काळीं रशियन राजांचें राजेपण व्होल्गेच्या खालच्या अंगास तळ देऊन बसलेल्या तातार खानाच्या मर्जीवर होतें. त्याच्या सत्तेला रशियन लोक 'ओर्दा' म्हणत. ओर्दू म्हणजे तुर्की भाषेंत लष्कराची छावणी, आणि 'उर्दू' या भाषेच्या नांवांतहि तोच शब्द आहे. सर्व रशियन राजांत जो श्रेष्ठ मानावयाचा, त्याला व्लादिमीरचा महाराजा ही पदवी खान सनदेनें देई आणि खंडणी गोळा करण्याचा अधिकारहि त्यालाच मिळे. १३०५ च्या सुमारास ही सनद त्वेरच्या मिखाइल यारोस्लाविचला मिळाली. 'सर्व रशियाचा' हें बिरूद ज्यांना प्रथम लागलें त्यांत याची गणना होते. परंतु मॉस्कोचा यूरी हा खानाच्या दरबारीं जाऊन राहिला, त्यानें तेथें वजन वाढविलें आणि शेवटीं खुद्द उझबेक खानाची बहीण कोंचाका हिच्याशीं लग्न लावून, सनद आणि तातार फौज अशीं दोन्हीं घेऊन तो परतला.

डिसेंबर १३१७ मध्यें त्वेरपासून जवळच बोर्तेनेवो या खेड्यापाशीं लढाई झाली. मिखाइल जिंकला, परंतु असा विजय कोणाच्या वांट्यास न यावा. यूरी पळाला, आणि त्याची राणी, म्हणजे खानाची बहीण, मिखाइलच्या हातीं सांपडली व त्वेर येथें कैदेंत असतांनाच मरण पावली. विष घातल्याचा आरोप लागलीच उठला. मिखाइलला पळून जातां आलें असतें. पण आपण न गेलों तर खानाची फौज गांवावर येईल हें ओळखून तो स्वतः दरबारीं हजर झाला. २२ नोव्हेंबर १३१८ रोजीं त्याला ठार मारण्यांत आलें. पुढें रशियन चर्चनें त्याला संत ठरविलें. त्याचा मुलगा दिमित्री यानें १३२५ मध्यें बापाच्या मृत्यूच्या तिथीच्या आदल्या दिवशीं, खानाच्याच छावणींत, यूरीला गांठून ठार केलें. आणि त्याबद्दल पुढल्या वर्षीं त्याचाहि शिरच्छेद झाला.

मग आला १३२७ चा ऑगस्ट. खानाचा एक आप्त त्वेरमध्यें येऊन राजवाड्यांतच उतरला होता आणि त्याच्या लोकांच्या जाचानें गांव कंटाळलें होतें. त्वेरच्या बखरींत प्रसंग दिला आहे तो मोठा साधा आहे. १५ ऑगस्ट रोजीं सकाळीं दुद्को नांवाचा एक देवळांतला सेवक आपली धष्टपुष्ट घोडी पाणी पाजण्याकरितां व्होल्गेवर नेत होता. तातारांनीं ती हिसकावून घेतली, आणि त्यानें गांवकऱ्यांना हांक मारली. एका घोडीवरून वाढलेली ती मारामारी सायंकाळपर्यंत उठावांत पालटली आणि खानाचा तो आप्त जळत्या वाड्यांत मेला. सूड घेण्यास खानानें फौज पाठविली, तिच्या आघाडीस मॉस्कोचा राजा इव्हान होता. त्याचें टोपणनांव 'कलिता', म्हणजे पैशांची थैली. त्वेरचा प्रदेश उजाड झाला. राजा अलेक्झांडर परागंदा झाला, कांहीं वर्षांनीं परत आला आणि १३३९ मध्यें खानाच्या छावणींत मुलासह मारला गेला. त्यानंतर इव्हाननें तारणहाराच्या मंदिरांतील घंटा उतरवून मॉस्कोला नेली. गांव जाळणें हें त्या काळीं नित्याचें होतें, पण घंटा नेणें निराळें. तिच्या आवाजावर गांव जागें होई आणि तिच्याच आवाजावर जमा होई.

यापुढेंहि दीडशें वर्षें त्वेर स्वतंत्र राहिलें. १३७५ मध्यें मॉस्कोच्या दिमित्रीनें वेढा घालून त्वेरच्या राजाकडून आपलें वडीलपण कबूल करून घेतलें, तरी घराणें टिकलें. पंधराव्या शतकांत बोरिस अलेक्झांद्रोविच या राजाच्या कारकीर्दींत (१४२५ ते १४६१) तर गांवाला पुन्हां बरे दिवस आले. याच बोरिसकडे मॉस्कोचा आंधळा केलेला आणि गादीवरून हांकलेला राजा वासिली आश्रयाला आला. बोरिसनें मदत दिली, पण सोयरीक जुळवून. वासिलीचा मुलगा इव्हान सहा-सात वर्षांचा आणि बोरिसची मुलगी मारिया त्याहूनहि लहान. त्या दोघांचा वाङ्निश्चय झाला आणि १४५२ मध्यें लग्न लागलें. बोरिसला वाटलें असेल कीं जांवई हाताशीं आला. तोच जांवई पुढें इव्हान तिसरा म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्यानेंच त्वेरचें राज्य बुडविलें.

राज्यकर्त्यांची ही हकीकत येथें थोडी बाजूला ठेवून एका निराळ्या गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवें. त्वेर हें लिहिणाऱ्यांचें गांव होतें. बिझंटाइन ग्रंथकार जॉर्ज हामार्तोलोस याच्या जगाच्या बखरीची एक सचित्र प्रत येथें तयार झाली. तींत १२७ चित्रें आहेत आणि राजा मिखाइल व त्याची आई क्सेनिया यांचींहि चित्रें आहेत. ही प्रत आज मॉस्कोच्या ग्रंथालयांत आहे. रशियाच्या आद्य बखरीची जी सर्वांत जुनी प्रत उपलब्ध आहे ती १३७७ मध्यें लाव्रेंती नांवाच्या साधूनें लिहिली. त्याच्यापुढें जी मूळ पोथी होती ती मिखाइलच्या वेळीं, १३०५ च्या सुमारास, सिद्ध झालेली असावी असें विद्वानांचें मत आहे. ती मूळ पोथी नाहींशी झाली, नक्कल राहिली. त्वेरच्या बाबतींत हें वारंवार घडलेलें दिसतें.

या लिहिणाऱ्यांत राजाश्रयाचा नव्हे, पदवीचा नव्हे, असा एक माणूस होता. अफानासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी. १४६८ च्या सुमारास तो माल भरून व्होल्गेनें खालीं निघाला. त्याच्या लिखाणाच्या आरंभींच सोनेरी घुमटाच्या तारणहाराचा निरोप घेऊन निघाल्याचा उल्लेख आहे, आणि तो म्हणजे १२९० सालीं पुरें झालेलें तेंच दगडी मंदिर. बरोबर त्वेरच्या राजाचीं पत्रें होतीं. कॅस्पियनकांठच्या शिर्वान देशाचा वकील हसनबेग हा मॉस्कोहून भेट मिळालेले नव्वद शिकारी ससाणे घेऊन परत जात होता. त्याच्या सोबतीनें जावें म्हणजे वाट सुरक्षित, असा निकितिनचा हिशेब. तो फसला. आस्त्राखानजवळ तातारांनीं नावा लुटल्या, आणि त्यांत त्याच्या पोथ्याहि गेल्या. त्या पोथ्यांवांचून पुढें त्याला ईस्टरचा दिवस कोणता हेंहि निश्चित करतां येईना, आणि वर्षानुवर्षें ही रुखरुख त्याच्या मनांतून गेली नाहीं.

लूट झाल्यावर बरोबरच्या व्यापाऱ्यांची पांगापांग झाली. ज्यांचें घरीं कांहीं होतें ते घरीं परतले. ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतें ते वाट फुटेल तिकडे गेले, असें तो सांगतो. तो स्वतः परतला नाहीं. बाकू, मग इराण, मग होर्मुझ असें करीत तो समुद्रकिनाऱ्यास आला. हिंदुस्थानांत घोड्यांची पैदास नसून तेथें घोड्याला मोठी किंमत येते असें ऐकून त्यानें एक घोडा घेतला आणि तो जहाजांत घालून चौलला उतरला. रशियन अक्षरांत त्यानें या बंदराचें नांव 'चिविल' असें लिहिलें आहे. उघड्या अंगाचीं माणसें आणि एका वेणीत बांधलेले केस पाहून त्याला जितकें नवल वाटलें, तितकेंच या गोऱ्या माणसाचें चौलच्या लोकांना वाटलें, आणि ते त्याच्या मागोमाग फिरूं लागले. तेथून घांट चढून तो जुन्नरला गेला. तेव्हां तेथें बहामनी सुलतानाचा अंमल असून असदखान नांवाचा सरदार कारभार पाहत होता. किल्ला खडकावर आहे, तो मनुष्यानें नव्हे तर देवानेंच घडविला आहे, आणि चढण्याची वाट इतकी अरुंद कीं दोन माणसें समोरासमोर आलीं तर जागा नाहीं, हें त्याचें वर्णन जुन्नरचा मुलूख पाहिलेल्या कोणालाहि ओळखूं येईल. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि चिखल. तेवढ्यांतच नांगरणी आणि पेरणी. रशियन माणसाला बर्फाशिवाय हिंवाळा ठाऊक नसल्यामुळें या पावसाळ्यालाच तो हिंवाळा म्हणतो. घोड्याला येथें हरभरे घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात, हेंहि त्यानें टिपून ठेवलें आहे.

जुन्नरलाच त्याच्यावर खरा प्रसंग आला. असदखानानें त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलें कीं मुसलमान झालास तर घोडाहि देतों आणि वर हजार मोहराहि देतों; नाहीं तर दोन्हीं घेतों. मुदत चार दिवसांची, आणि ती नेमकी तारणहाराच्या सणाच्या सुमारास संपणारी. गांवच्या देवाच्या नांवानें घराबाहेर पडलेल्या माणसाला त्याच देवाच्या सणाला धर्म टाकण्याची पाळी यावी, याचें दुःख त्याच्या त्रोटक वाक्यांतूनहि कळतें. मुहम्मद नांवाचा एक खुरासानी गृहस्थ मध्यें पडला, त्यानें खानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला. त्या सुटकेचें श्रेय निकितिन तारणहाराला देतो. पण ज्याच्या हातून ती झाली तो परधर्मी होता, हेंहि तो लपवीत नाहीं. पुढें तो बिदरला गेला व तेथें घोडा विकला. खुरासानी यूसुफ म्हणून वावरत असतां त्यानें हिंदु लोकांना आपण ख्रिस्ती आहों हें सांगितलें. तेव्हांपासून ते त्याच्याशीं मोकळेपणानें वागूं लागले, आणि शिवरात्रीच्या यात्रेला त्यांच्याबरोबर तो श्रीशैलासहि जाऊन आला. शेवटीं दाभोळ बंदरांतून तो परत निघाला.

निकितिन हा हिंदुस्थानांत आलेला पहिला युरोपीय असें पुष्कळदां छापलेलें आढळतें. तें खरें नव्हे. मार्को पोलो आणि निकोलो कोंती हे त्याच्या आधींचे. पण व्हास्को द गामाच्या जहाजांहून तो पांव शतकानें आधींचा, आणि या प्रवाशांत तो अगदीं निराळा. त्याच्या पाठीशीं कोणी राजा नव्हता, कोणतें धर्मपीठ नव्हतें. होतें तें फक्त कर्ज. आपल्या देशाला नेण्यासारखा माल येथें नाहीं, मिरीं आणि रंग स्वस्त आहेत पण जकात फार आणि समुद्रावर चांचे फार, असा रोखठोक व्यापारी निष्कर्ष काढून तो निघाला. काळा समुद्र ओलांडून तो रशियाच्या वाटेला लागला, परंतु त्वेर त्याला पुन्हां दिसलें नाहीं. स्मोलेन्स्कला पोंचण्यापूर्वींच तो वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनीं १४७५ मध्यें आणल्या त्या त्वेरला नव्हे, मॉस्कोला. तेथें त्या महाराजाच्या एका चिटणिसाच्या हातीं पडल्या आणि मॉस्कोच्या बखरींत उतरवून घेतल्या गेल्या. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नांवानें ओळखलें जाणारें हें लिखाण त्यामुळेंच वांचलें.

कारण त्यानंतर दहाच वर्षांनीं त्वेरचें राज्य संपलें. निकितिनला पत्रें देणारा राजा मिखाइल बोरिसोविच हा इव्हान तिसऱ्याचा मेहुणा. मॉस्कोचें वजन वाढूं लागल्यावर त्यानें लिथुएनियाशीं संधान बांधलें. तें पत्र पकडलें गेलें. सप्टेंबर १४८५ मध्यें इव्हान वेढा देऊन बसला, त्वेरचे सरदार एकामागून एक त्याला जाऊन मिळाले, आणि राजा रात्रीं गांवांतून निसटला. इव्हाननें तेथें नेमला तो मारियाच्या पोटीं झालेला आपला मुलगा. म्हणजे रक्त आजोळचें, हुकूम मॉस्कोचा.

यापुढें त्वेरचा उपयोग मॉस्कोला नकोशा माणसांना ठेवण्यासाठीं होऊं लागला. त्वेर्त्सा जेथें व्होल्गेला मिळते तेथें ओत्रोच नांवाचा मठ होता. माक्सिम ग्रेक या ग्रीक पंडिताला मॉस्कोनें भाषांतराच्या कामासाठीं बोलावलें आणि मग पाखंडाच्या आरोपावरून १५३१ मध्यें या मठांत आणून टाकलें. तेथें त्याचीं सुमारें वीस वर्षें गेलीं. त्यानंतर इव्हान चौथा, ज्याला इतिहास 'भयंकर' म्हणतो, त्याच्या अत्याचारांचा भर चर्चमध्यें निषेध करणारा धर्माध्यक्ष फिलिप याला येथेंच कोंडलें. डिसेंबर १५६९ मध्यें झार नोव्हगोरोदवर चालून जात असतां त्याचा हस्तक माल्यूता स्कुरातोव्ह मठांत शिरला आणि त्यानें फिलिपला गळा दाबून मारलें. त्याच स्वारींत गांवाचीहि कत्तल झाली. मठापैकीं १७२२ मधील मंदिर तेवढें उभें आहे. त्याच्या शेजारीं विसाव्या शतकांत बांधलेल्या नदीवरील प्रवासी स्थानकाचा मधला भाग २०१७ मध्यें कोसळला.

आजचें त्वेर ज्या रेषांवर आंखलेलें आहे त्या मात्र एका आगीच्या देणगी आहेत. मे १७६३ मध्यें लांकडी किल्ला आणि त्याभोवतालची वस्ती जळून खाक झाली. कॅथराइन राणीला गादीवर येऊन वर्षहि झालें नव्हतें, आणि पीटर्सबर्ग व मॉस्को या दोन राजधान्यांच्या मधल्या हमरस्त्यावरचें हें गांव नव्या पद्धतीनें उभारून दाखवावें असें तिच्या मनानें घेतलें. योगायोगानें आराखडा करणाऱ्या शिल्पज्ञाचेंहि आडनांव निकितिनच होतें. प्योत्र निकितिन व त्याच्या हाताखालचा तरुण मात्वेय कझाकोव्ह यांनीं पीटर्सबर्गच्या धर्तीवर एका चौकांतून त्रिशूळाप्रमाणें तीन रस्ते काढले, मधल्या रस्त्यावर अष्टकोनी चौक आंखला, आणि दुमजली विटांचीं घरें एका ओळींत बांधविलीं. इतर रशियन गांवांच्या पुनर्रचनेस पुढें हाच कित्ता झाला. मधला तो रस्ता आज सोव्हिएत रस्ता या नांवानें ओळखला जातो.

त्याच वेळीं राणीला वाटेंत उतरण्यासाठीं प्रवासी राजवाडा बांधला. १८०९ मध्यें कार्लो रॉसी यानें तो नव्यानें सजविला, तो झार पहिला अलेक्झांडर याची बहीण कॅथराइन पाव्लोव्ना हिच्यासाठीं. तिचा नवरा या भागाचा गव्हर्नर-जनरल होता. तिच्या दिवाणखान्यांत मार्च १८११ मध्यें निकोलाय करामझिन यानें आपल्या रशियाच्या इतिहासांतले भाग झारला वाचून दाखविले, आणि राज्यकारभारावर झारला न रुचणारें आपलें टिपण राजकन्येच्या हातून तेथेंच त्याच्यापुढें ठेवलें. या करामझिनलाच पुढें मॉस्कोजवळच्या एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत निकितिनच्या प्रवासाची प्रत सांपडली, आणि त्यानें आपल्या इतिहासांत तिचे उतारे दिले. १८१८ च्या आरंभीं ते खंड बाहेर आले, तेव्हां साडेतीनशें वर्षांनीं रशियाला कळलें कीं त्वेरचा एक माणूस जुन्नरला जाऊन आला होता. आज या राजवाड्यांत प्रांताचें चित्रालय आहे.

एकोणिसाव्या शतकांतलें त्वेर हें इतर प्रांतिक गांवांसारखेंच, तरी दोन राजधान्यांच्या वाटेवर असल्यामुळें थोरामोठ्यांचे पाय त्याला लागत राहिले. कथाकार क्रिलोव्ह याचें बालपण येथें गेलें. उपरोधकार साल्तिकोव्ह-श्चेद्रीन हा १८६० ते १८६२ येथें उपगव्हर्नर होता, आणि सरकारी कारभाराचें जें चित्र त्यानें काढलें त्याला खाद्य कोठून मिळालें हें सांगावयास नको. दस्तयेव्हस्की सैबेरियांतून सुटला तेव्हां राजधानींत पाऊल ठेवण्याची त्याला बंदी होती. १८५९ च्या शरदांतील कांहीं महिने त्यानें येथें परवानगीची वाट पाहत कंटाळून काढले. १८५१ मध्यें पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वे सुरू झाली, मोरोझोव्ह घराण्याच्या कापडगिरण्या निघाल्या, १८९८ मध्यें रेल्वेचे डबे बनविण्याचा कारखाना निघाला, आणि १९०० मध्यें व्होल्गेवर पोलादी पूल पुरा झाला. डब्यांचा कारखाना अजून चालू आहे.

विसाव्या शतकानें त्वेरकडून प्रथम नांव घेतलें. याच प्रांतांत जन्मलेल्या मिखाइल कालिनिन या सोव्हिएत पुढाऱ्याच्या सन्मानार्थ १९३१ मध्यें गांवाला कालिनिन म्हणूं लागले. मग १९३५ मध्यें तारणहाराचें मंदिर सुरुंग लावून पाडलें. १४ ऑक्टोबर १९४१ च्या सुमारास जर्मन सैन्य गांवांत शिरलें आणि दोन महिने राहिलें. १६ डिसेंबर रोजीं गांव मुक्त झालें तेव्हां रस्त्यांचा आराखडा तेवढा शाबूत होता, घरें थोडीं. त्माका व्होल्गेला मिळते तेथें १९७० मध्यें विजयस्तंभ उभारला आहे. जुनें नांव १९९० मध्यें परत मिळालें.

निकितिनचा पुतळा व्होल्गेच्या डाव्या तीरावर १९५५ पासून उभा आहे. चौथऱ्याला नावेच्या नाळेचा आकार दिला आहे. शिल्पकारांत प्रमुख सेर्गेय ओर्लोव्ह. मॉस्कोचा संस्थापक यूरी दोल्गोरुकी याचा, त्वेर्स्काया रस्त्यावरील चौकांत १९५४ मध्यें बसविलेला अश्वारूढ पुतळाहि याच ओर्लोव्हचा. इकडे चौलला लागून असलेल्या रेवदंड्यासहि निकितिनचें स्मारक आहे. मारला गेलेला राजा मिखाइल याला मात्र घोड्यावर बसून स्वतःच्या गांवांत यावयास २००८ साल उजाडावें लागलें.

पाडलेलें मंदिर २०१४ पासून मूळ जागीं, राजवाड्याशेजारीं, पुन्हां बांधलें. पण त्याचा घाट १३३९ नंतर घंटा ज्यांतून गेली त्या मंदिराचा नव्हे, तर सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथें उठविलेल्या मंदिराचा आहे. गांवांतली सर्वांत जुनी उभी इमारत म्हणजे १५६४ मधील 'पांढरें त्रैक्यमंदिर'. तेंहि त्वेरचें राज्य बुडाल्यावर ऐंशीं वर्षांनीं झालेलें. स्वतंत्र त्वेरच्या दिवसांतली भिंत ज्याला हाताला लावून पाहावयाची असेल त्याला गांव सोडून नदीच्या ओघाबरोबर, मॉस्कोच्या दिशेस, सुमारें तीस किलोमीटर जावें लागतें. तेथें गोरोद्न्या या खेड्यांत, व्होल्गेच्या उंच कांठावर, मेरीच्या जन्माचें एक लहान पांढरें मंदिर आहे. तें त्वेरच्या गवंड्यांनीं बांधलेलें आहे, आणि त्वेरहून खालीं जाणारी प्रत्येक नाव त्याच्या पायथ्यावरून जाते.